सगळे पळतात, बीमला कोणी लटकत नाही

पहाटे साडेचारला धारूरच्या घाटरस्त्याने गाडी काढली, तर हेडलाइटच्या उजेडात पळणारी पोरं दिसतात. कुणाच्या पायात बूट, कुणाच्या पायात साध्या कॅनव्हासच्या चपट्या चपला, हातात मोबाइलवर लावलेलं स्टॉपवॉच. गेल्या काही वर्षांत त्यांत मुलीही दिसू लागल्या आहेत. दहा वाजता माझी ओपीडी सुरू होते आणि यांतलीच दोन-चार जण केसपेपर घेऊन बाकावर बसलेली असतात. तक्रार ठरलेली. "डॉक्टर, नडगी लई दुखतीय. भरती पुढच्या महिन्यात हाय. एखादं इंजेक्शन द्या, पळायचं बंद करा म्हणू नका."

बीड जिल्ह्यात भरती म्हणजे नुसती नोकरी नव्हे. ज्या घरातून दसरा-दिवाळी झाली की कोयता घेऊन कारखान्याकडे ट्रक जातो, त्या घरातला एक पोरगा फौजेत किंवा पोलिसात लागला तर पुढच्या पिढीचा कोयता सुटतो. म्हणून आईबाप उचल घेऊन अकॅडमीची फी भरतात. वयाची मुदत मोजकीच. अग्निपथ योजना १४ जून २०२२ ला जाहीर झाली. भरती चार वर्षांची, पुढे कायम होणार चारांतला एक. तरीही मैदानावरची गर्दी कमी झालेली नाही. त्या योजनेवर मत देण्याची ही जागा नाही. मला बोलायचं आहे ते या पोरांच्या सरावाबद्दल, कारण त्यांतला बराचसा चुकीच्या दिशेने चालला आहे, आणि त्याची किंमत मला एक्स-रेच्या फिल्मवर दिसते.

आधी मार्कांचं गणित बघू. सैन्यातल्या जनरल ड्युटी पदाच्या शारीरिक चाचणीत १०० गुण असतात. १.६ किलोमीटर धावण्याचे ६० आणि बीमचे, म्हणजे पुलअप्सचे ४०. नऊ फुटांचा खड्डा ओलांडणं आणि नागमोडी पट्टीवरून तोल सांभाळत चालणं, हे दोन्ही फक्त पास व्हायचं, त्याला गुण नाहीत. साडेपाच मिनिटांत अंतर संपवलं तर ६० गुण, ५ मिनिटे ४५ सेकंदांपर्यंत ४८. पूर्वी इथेच दार बंद व्हायचं. २०२५ च्या भरतीपासून आणखी दोन गट आले: सहा मिनिटांपर्यंत ३६ आणि सव्वासहा मिनिटांपर्यंत २४ गुण. गावात याचा अर्थ लगेच "आता पळणं सोपं झालं" असा लावला गेला. पास होणं सोपं झालं हे खरं. पण अंतिम यादीत लेखी परीक्षेबरोबर मैदानाचे गुणही धरले जातात, आणि तिथे २४ आणि ६० मधलं अंतर फार मोठं आहे.

आता बीम. दहा काढले तर ४०, नऊला ३३, आठला २७, सातला २१ आणि सहाला १६ गुण. हा तक्ता मी एका पोराला कागदावर लिहून दाखवला. तो १.६ किलोमीटर ५ मिनिटे ४० सेकंदांत पळायचा आणि सहा बीम काढायचा. ४८ अधिक १६, झाले ६४. चार महिने त्याचा सगळा जीव ते दहा सेकंद कमी करण्यात लागला होता. ते कमी झाले असते तर ७६ झाले असते. तेच पळणं तसंच ठेवून बीम सहाचे दहा केले असते तर ८८. उलट बाजूने बघा. सहा मिनिटे पाच सेकंद लावणारा पोरगा दहा बीम काढत असेल तर त्याचेही २४ आणि ४० मिळून ६४ च होतात. पंचवीस सेकंद मागे असूनही दोघे बरोबरीत.

त्या पोराने कागद बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाला, "सर, आमच्यात बीमला कोणी लटकतच नाही. एकच बीम हाय, अन् तीस पोरं." तीस पोरांना पळायला रस्ता पुरतो. लटकायला लोखंडी पाइप एकच. म्हणून सगळे पळतात.

पोलीस भरतीतही हेच. शिपाई पदाच्या मैदानी चाचणीचे ५० गुण. त्यांत मुलांना १६०० मीटरला आणि मुलींना ८०० मीटरला २० गुण आहेत. उरलेले ३० गुण १०० मीटर धावणे आणि गोळाफेक यांना, प्रत्येकी १५. म्हणजे निम्म्याहून जास्त गुण अशा दोन प्रकारांत, जे मिळून अर्ध्या मिनिटात संपतात आणि ज्यांना लागते ती स्फोटक ताकद. आमच्याकडची पोरं मात्र रोज पहाटे आठ-आठ किलोमीटर पळतात आणि ७.२६० किलोचा गोळा भरतीच्या आधी पंधरा दिवस हातात घेतात.

बीम कसे वाढवायचे? याचं शास्त्र अवघड नाही. ताकदीचा सराव सुरू केल्यावर पहिल्या सहा-आठ आठवड्यांत जी वाढ होते, ती बहुतेक स्नायू जाड झाल्यामुळे नसते. मेंदू आणि मज्जातंतू त्याच स्नायूंचे जास्त तंतू एका वेळी कामाला लावायला शिकतात, म्हणून ती होते. हे शिकणं ताज्या अंगाने, वारंवार आणि नीट केलेल्या हालचालीतून होतं. थकून, झटके देत, पाय हलवत काढलेल्या बीममधून होत नाही. ज्याची मजल सहाची आहे त्याने एका दमात सहा काढून हात लुळे करून घेऊ नयेत. तीन-तीन काढावेत, मध्ये चांगली विश्रांती घ्यावी, दिवसभरात असे पाच-सहा वेळा, आठवड्यातून चार दिवस. दर पंधरवड्याला एकदा पूर्ण मजल मोजावी. ज्याला एकही निघत नाही, त्याने स्टुलावर चढून हनुवटी बीमच्या वर न्यावी आणि तिथून चार-पाच सेकंद घेत सावकाश खाली यावं. स्नायू लांबत असताना पेललेलं हे वजन फार लवकर ताकद देतं. कोपराच्या आतल्या बाजूला दुखू लागलं तर दोन-तीन दिवस थांबावं, कारण स्नायूबंध स्नायूंपेक्षा हळू तयार होतात.

घरामागच्या कडुलिंबाची मनगटाएवढी आडवी फांदी यासाठी पुरते. दोन खांबांना बांधलेला पाण्याचा जुना लोखंडी पाइपही चालतो. ऊसतोडीला जाऊन आलेल्या पोरांची मूठ मुळातच घट्ट असते, मोळ्या उचलून पाठ तयार झालेली असते. बीमला ही मोठी शिदोरी आहे. अकॅडमीतल्या शहरी पोरापेक्षा त्यांना दहा बीम लवकर निघतात, हे मी अनेकदा पाहिलं आहे. फक्त कुणीतरी त्यांना लटकायला सांगायला हवं.

आता पळण्याकडे येऊ. साडेपाच मिनिटांत १६०० मीटर म्हणजे ताशी साधारण साडेसतरा किलोमीटरचा वेग, ४०० मीटरचा एक राऊंड साडेब्याऐंशी सेकंदांत. इतक्या वेळाच्या धावण्यात लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे चार पंचमांश ऊर्जा प्राणवायू वापरून तयार होते. म्हणजे हृदय एका ठोक्याला किती रक्त फेकतं, रक्तात हिमोग्लोबिन किती आहे आणि स्नायूंत केशवाहिन्यांचं जाळं किती दाट आहे, यावर निकाल ठरतो. या गोष्टी वाढायला महिने लागतात. त्या वाढतात मुख्यतः दोन प्रकारच्या पळण्यातून. एक, सावकाश आणि लांब, ज्यात शेजारच्याशी बोलता येतं. दुसरं, तुकड्या-तुकड्यांचं वेगवान पळणं. ४०० मीटर ठरलेल्या वेगाने, मग दीड-दोन मिनिटं चालणं, पुन्हा ४०० मीटर, असं सहा ते आठ वेळा.

आमच्या मैदानांवर होतं ते या दोन्हींच्या मधलं. रोज पहाटे पूर्ण १६०० मीटरची जीव तोडून चाचणी, मास्तर शिट्टी मारून वेळ ओरडणार, मग लगेच रस्त्याने आठ किलोमीटर. सावकाश पळणं सावकाश राहत नाही आणि वेगवान पळणं थकलेल्या पायांनी होतं. पहिल्या महिन्यात वेळ कमी होते, सगळे खूश होतात, आणि मग ती तिथेच अडकते. मग मास्तर अंतर वाढवतो. अमेरिकेच्या सैन्यात हा प्रश्न फार आधी येऊन गेला. पायदळाच्या तुकड्यांवर झालेल्या अभ्यासांत दिसलं की आठवड्याला जास्त मैल पळणाऱ्यांना दुखापती जास्त झाल्या, पण चाचणीतली वेळ कमी पळणाऱ्यांपेक्षा सुधारली नाही. पुढे तिथे सगळ्यांना एकाच रांगेत पळवण्याऐवजी ताकदीप्रमाणे गट पाडून पळवण्याची पद्धत आली.

मी विचारणाऱ्याला एवढंच सांगतो. आठवड्यात दोनच दिवस जोराचे, आणि त्या दोन दिवसांत किमान दोन दिवसांचं अंतर. एक दिवस तुकड्यांचा. दुसरा दिवस चढाचा: घाटाची गाड्या नसलेली एखादी चढण बघून अर्धा-पाऊण मिनिट जोरात वर जायचं आणि चालत खाली यायचं. हे "चालत" महत्त्वाचं आहे. घाट उतरताना पळणं म्हणजे प्रत्येक पावलाला गुडघ्यावर आणि नडगीवर घाव. बाकीचे दोन-तीन दिवस सावकाश, एक दिवस पूर्ण सुट्टी. १६०० मीटरची चाचणी तीन आठवड्यांतून एकदा. असे निदान बारा आठवडे. शेवटच्या आठवड्यात पळणं निम्म्यावर आणायचं. भरतीच्या आदल्या आठवड्यात सर्वांत जास्त पळणारी पोरं मैदानात थकूनच उतरतात.

एक गोष्ट आईबापांसाठी. सारखाच सराव करून शेजारचा पोरगा पुढे गेला आणि आपला मागे राहिला, म्हणून त्याला आळशी ठरवू नका. अमेरिका आणि कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी 'हेरिटेज' नावाच्या अभ्यासात शेकडो माणसांना २० आठवडे तंतोतंत सारखा व्यायाम दिला. काहींची प्राणवायू वापरण्याची क्षमता भरपूर वाढली, काहींची जवळजवळ वाढलीच नाही, आणि हा फरक कुटुंबाकुटुंबात चालत आलेला दिसला. अशा पोराला बीम आणि लेखी परीक्षा यांत गुण शोधू द्यावेत.

मैदानातल्या पळण्याबद्दल दोन हिशेब. एका वेळी मोठा घोळका सुटतो, धक्काबुक्की होते आणि पहिला राऊंड बहुतेक जण सत्तर-बहात्तर सेकंदांत मारतात. स्नायूंत सुरुवातीलाच आम्ल साचतं आणि तिसऱ्या राऊंडला पाय दगड होतात. पहिल्या दीडशे मीटरात घोळक्यातून मोकळं व्हायचं आणि लगेच आपल्या साडेब्याऐंशीच्या लयीत यायचं. दुसरा हिशेब ट्रॅकचा. आखलेल्या मैदानावर एक पट्टा बाहेरून पळलं की दर राऊंडला साडेसात मीटरच्या वर अंतर वाढतं. चार राऊंडचे झाले तीस मीटर, म्हणजे सहा सेकंद. वळणावर बाहेरून ओव्हरटेक करत बसणारा पोरगा हे सहा सेकंद फुकट देतो. पुढे जायचं ते सरळ भागात.

आता माझ्या ओपीडीतली नडगी. पळणाऱ्याचं नडगीचं दुखणं दोन प्रकारचं असतं. आतल्या कडेला वीतभर पट्ट्यात दुखतं, पळायला लागल्यावर थोडं कमी होतं, ते हाडावरच्या आवरणाचं आणि स्नायूंचं. आठ-दहा दिवस पळणं कमी केलं, बूट बदलले, डांबरी सोडून मातीवर पळलं की ते बसतं. दुसरं दुखणं बोट ठेवून दाखवता येतं. रुपयाएवढ्या जागेत, दाबलं की पोरगा ओरडतो, त्या एका पायावर उडी मारता येत नाही, पुढे रात्रीही ठणकतं. हे हाडाला गेलेला बारीक तडा असण्याची शक्यता मोठी. पहिले दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेमध्ये तो दिसत नाही. "एक्स-रे नॉर्मल आहे" एवढं ऐकून पोरगा पुन्हा पळतो आणि महिन्याभराने मोडलेलं हाड घेऊन येतो. नडगीच्या तड्याला साधारण सहा ते आठ आठवडे विश्रांती लागते. जांघेत खोल दुखत असेल तर मात्र एक दिवसही थांबू नये. मांडीच्या हाडाच्या मानेला तडा असू शकतो आणि तो सरकला तर ऑपरेशन करावं लागतं. असे रुग्ण आम्ही सरळ अंबाजोगाईला, स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात पाठवतो.

अशा पोराला पळणं बंद म्हटलं की त्याचा चेहरा पडतो. पण पाय बंद म्हणजे सराव बंद नव्हे. बीम चालू राहतात. सायकल चालते. विहिरीत पोहता येतं, आणि दम टिकतो.

मुलींची गोष्ट वेगळी आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांच्या आसपास स्त्रियांत रक्त कमी आढळलं, पुरुषांत साधारण २२ टक्के. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिलिलिटर प्राणवायू वाहून नेतो. बाराच्या जागी साडेआठ ग्रॅम असलेली मुलगी म्हणजे चारातला एक मजूर कमी असलेली टोळी. तिने कितीही मेहनत केली तरी माल तेवढा निघणार नाही. आणि तिला अकॅडमीत "तुझ्यात जिद्द नाही" असं ऐकवलं जातं. मला याचा राग येतो. सरकारी रुग्णालयात हिमोग्लोबिन फुकट तपासतात आणि लोहाच्या गोळ्याही मिळतात. सराव सुरू करण्याआधी, निदान तीन महिने आधी, प्रत्येक मुलीने आणि मुलानेही ते तपासून घ्यावं. जंताची गोळी घ्यावी. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, चहाबरोबर कधीच नाही, कारण चहा लोह शोषू देत नाही. पाळी अनियमित झाली किंवा थांबली तर "पळण्याने असं होतंच" म्हणून सोडून देऊ नये. खाणं कमी पडत असल्याची ती खूण असते आणि अशाच मुलींची हाडं तडकतात. अमेरिकी नौदलाच्या महिला प्रशिक्षणार्थींना कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दिल्यावर असे तडे सुमारे २० टक्क्यांनी कमी झाले होते.

खाण्याबद्दल फार खर्चाची गरज नाही. प्रोटीन पावडरचे डबे मी पोरांच्या हातात बघतो, तीन-चार हजारांचे, आणि बाप बाहेर तंबाखू मळत उभा असतो. त्याच पैशात दोन-तीन महिने रोजची चार अंडी, मूठभर शेंगदाणे आणि भिजवलेले हरभरे येतात. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ, पालेभाजी आणि दूध असेल तर बाकी लागत नाही. सरावानंतर तासाभरात पोटभर खावं. आमची पोरं पहाटे पळून येतात आणि अकरा वाजेपर्यंत चहावर असतात.

आता जे लिहायला बोट जड होतं ते. गेल्या काही भरतींत मैदानाच्या आसपास सिरिंजा सापडल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. पोरं मला उघड विचारतात, "डॉक्टर, टर्मिन कसं असतं?" मेफेंटरमाइन हे ते औषध. ऑपरेशनच्या टेबलावर भूल दिलेल्या रुग्णाचा रक्तदाब पडला तर भूलतज्ज्ञ ते देतो, मॉनिटर लावून, समोर बसून. ते हृदयाला चाबूक मारतं आणि थकवा जाणवू देत नाही. स्नायूची ताकद ते वाढवत नाही. थकवा हा शरीराचा इशारा असतो, तो बंद केला की उन्हात पळणारं हृदय कुठे थांबायचं ते विसरतं. ठोके बेताल होतात. सवय लागते, संशयाचे झटके येतात, मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावं लागतं. दुसरं डेक्सामेथासोन. चार दिवस अंगात बळ आल्यासारखं वाटतं, चेहरा भरतो, आणि महिनोन्महिने घेतलं की शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनणं बंद पडतं. तिसरं, ज्याला कोणी औषधच समजत नाही, ते डायक्लोफेनॅक. नडगीचं दुखणं मारायला पळण्याआधी घेतलेलं हे इंजेक्शन, घामाने आटलेलं शरीर आणि फाटलेले स्नायू एकत्र आले की मूत्रपिंड बंद पडू शकतं. पळून आल्यावर लघवी काळ्या चहासारखी झाली तर त्याच तासाला दवाखान्यात यावं. मी हे कोणालाही भरतीसाठी देत नाही. "दुसऱ्या डॉक्टरनं दिलं" असं म्हणत पोरं उठून जातात, तेव्हा त्या दुसऱ्याचं नाव मी विचारत नाही, हेही कबूल करतो.

मैदानावर पोरं दगावतात हे खरं आहे. जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत ५ किलोमीटर पळताना लागोपाठ उमेदवार गेले आणि त्यानंतर ते अंतर कमी करण्यात आलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये कलिनाच्या मैदानावर १६०० मीटर पळून झाल्यावर उमेदवार कोसळले. जून २०२४ मध्ये राज्य राखीव दलाच्या ५ किलोमीटर धावण्यात एक पोरगा गेला. त्याच वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये झारखंडात उत्पादन शुल्क विभागाच्या शिपाई भरतीत एका तासात १० किलोमीटर पळायचं होतं, त्यात दहाहून जास्त उमेदवारांचा जीव गेला आणि सरकारला भरती मध्येच थांबवावी लागली.

अशा मृत्यूंमागे दोन मोठी कारणं असतात. एक जन्मजात, न कळलेला हृदयाचा दोष, जसा हृदयाच्या भिंती जाड असण्याचा. पळताना, विशेषतः पळण्याच्या भरात, शुद्ध हरपली असेल, छातीत दुखलं असेल किंवा घरात कुणी चाळिशीच्या आत अचानक गेलं असेल, तर त्या पोराचा ईसीजी आणि हृदयाची सोनोग्राफी झाल्याशिवाय त्याला मैदानात उतरवू नये. पळून थांबल्यावर थोडी चक्कर येणं वेगळं, पळता पळता कोसळणं वेगळं. ताप असताना किंवा तापातून उठल्यावर पहिले काही दिवस पळू नये, कारण काही विषाणू हृदयाच्या स्नायूला सूज आणतात.

दुसरं कारण उष्माघात. धारूरचा पोरगा कोरड्या उन्हाला सरावलेला असतो. रात्रभर एसटीत बसून तो मुंबईला उतरतो, फूटपाथवर पडून राहतो, पोट बिघडेल म्हणून जेवत नाही, लघवीला जागा नाही म्हणून पाणी पीत नाही, आणि दमट हवेत पळतो. त्या हवेत घाम वाळतच नाही, म्हणजे शरीर थंड होत नाही. नव्या हवेला शरीर जुळायला दहा-चौदा दिवस लागतात. तेवढे कुणाला परवडणार? पण निदान आदल्या दिवशी सकाळी पोहोचावं, रात्री झोपावं, दोन वेळा खावं. हे घडायचं असेल तर भरती घेणाऱ्यांनीही बाहेरगावच्या उमेदवारांना छत, पाणी आणि शौचालय द्यायला हवं, आणि पळण्याची वेळ पहाटेचीच ठेवायला हवी.

कोणी कोसळलं, अंग तापलेलं, बोलणं असंबद्ध, तर गाडीची वाट बघत बसू नये. १०८ ला फोन करतानाच कपडे काढून अंगावर पाणी ओतायला सुरुवात करावी. टाकी असेल तर मानेपर्यंत बुडवावं, डोकं धरून. बर्फ मान, काखा आणि जांघेत. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये. आधी थंड करायचं, मग हलवायचं. श्वास आणि नाडी नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाबायला लागावं, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मदत येईपर्यंत. प्रत्येक अकॅडमीच्या मास्तराला हे यायला हवं. मी धारूर परिसरात ज्यांना विचारलं, त्यांतल्या एकालाही ते येत नव्हतं. दोघे शिकायला आले, तेही पोरांना घेऊन.

एक गोष्ट सरावाच्या आधीची. मैदान आणि लेखी दोन्ही निघून शेवटच्या वैद्यकीय तपासणीत पोरं बाहेर पडतात तेव्हा फार वाईट वाटतं. गुडघे एकमेकांना घासणं, सपाट तळवे, पायावर फुगलेल्या शिरा, रंग ओळखता न येणं, अंडकोषाच्या शिरांची सूज, किडलेले दात, कानात मळ. यांतलं काही उपचाराने जातं, काही जात नाही. वर्षभराची फी आणि आयुष्यातली दोन वर्षं घालवण्याआधी अर्धा तास सरकारी रुग्णालयात यावं. दहा रुपयांचाही खर्च नाही. कानातला मळ मी स्वतः काढून देतो.

त्या ६४ गुणांच्या पोराची नडगी गेल्या पावसाळ्यात तडकली होती. सहा आठवडे पळायचं नाही म्हटल्यावर तो माझ्यासमोर रडला. त्याच्या चुलत्याने घरामागे दोन खांब रोवून वर पाइप टाकला. परवा तो औषध घ्यायला नाही, नुसता सांगायला आला होता. बीम नऊ निघतात, पळणं अजून ५ मिनिटे ४२ सेकंदांवरच आहे. सोबत धाकटी बहीण होती, पोलीस भरतीची तयारी करणारी. तिचं हिमोग्लोबिन ८.४ आलं. गोळ्या दिल्या आहेत, महिन्याने पुन्हा तपासायला बोलावलं आहे.